वानलेसवाडीचा धडा

सांगली-मिरज परिसरातील वानलेसवाडी हे नाव डॉ. विल्यम वानलेस यांची आठवण जपते. प्रेस्बिटेरियन मिशनच्या या शल्यविशारदांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय उभारले. पुढे वानलेसवाडीत क्षयरुग्णांसाठी आरोग्यधाम झाले. सातारा जिल्ह्यातील पाचगणीत डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ साली ‘बेल-एअर’ सुरू केले. त्या काळी क्षयावर औषध नव्हते. मोकळी हवा, सकस अन्न आणि विश्रांती एवढाच उपचार असे.

१९४३ साली स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागला. ब्रिटनमधील चाचणीत सहा महिन्यांत हे औषध घेणाऱ्या ५५ रुग्णांपैकी ४ दगावले, तर केवळ विश्रांती घेणाऱ्या ५२ पैकी १४. पण हा आनंद अल्पजीवी ठरला. सुधारलेले अनेक रुग्ण पुन्हा खालावले. असंख्य जंतूंत काही जात्याच औषधाला दाद न देणारे असतात; एकाच औषधाने इतर जंतू मेले की त्यांना रान मोकळे मिळते. म्हणून दुसऱ्या औषधाची जोड देण्यात आली. १९५२ साली आयसोनियाझिडही हाती आले. अनेक औषधे एकत्र आणि पूर्ण मुदतीपर्यंत घ्यावीत, हा धडा क्षयाने जगाला दिला.

आज त्याच धड्याची कसोटी अवयवरोपणात लागते. १९५४ साली बोस्टनमध्ये जुळ्या भावांमधील मूत्रपिंडरोपण यशस्वी झाले. भारतात हे यश १९७१ साली वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात मिळाले. परका अवयव शरीराने झिडकारू नये, म्हणून रुग्णाची प्रतिकारशक्ती औषधांनी कायम दबलेली ठेवावी लागते. साध्या मूत्रमार्गाच्या संसर्गातही त्याची भिस्त प्रतिजैविकांवर असते. क्लेब्सिएलासारखा जंतू कार्बापेनेम गटातील प्रभावी औषधांनाही जुमानेनासा झाला, की अनेकदा कोलिस्टिनकडे वळावे लागते. मूत्रपिंडाला अपाय करते म्हणूनच एके काळी हे औषध मागे पडले होते. आईने मुलाला दिलेले मूत्रपिंड वाचवण्यासाठी मूत्रपिंडालाच घातक औषध द्यायचे, असा हा पेच!

हेच कोलिस्टिन कोंबड्यांच्या खाद्यातही मिसळले जाई. २०१९ साली केंद्र शासनाने पशुपालनातील त्याच्या वापरावर बंदी घातली. परंतु कायदा प्रत्येक घराच्या फडताळापर्यंत पोहोचत नाही. सर्दीपडशासाठी मनानेच घेतलेली प्रतिजैविके किंवा बरे वाटताच अर्धवट सोडलेला औषधक्रम यांची किंमत कधी कधी आपल्याला नव्हे, तर रुग्णालयातील एखाद्या दुर्बल अनोळखी माणसाला मोजावी लागते. शेजारधर्माची हद्द इतकी दूरवर जाते.