नवशिक्यांचीं नांवें

नवशिक्यास नांव ठेवतां ठेवतां समाज त्याला नांवेंहि ठेवतो. कंपनीच्या अमलांत नुकत्याच आलेल्या गोऱ्यास जुने गोरे वर्षभर ‘ग्रिफिन’ म्हणून हिणवीत. १८८६ च्या ‘हॉब्सन-जॉब्सन’ कोशांत तो शब्द नोंदलेला आहे. ‘ग्रीनहॉर्न’ म्हणजे मुळांत कोवळ्या शिंगांचें जनावर.

आपला ‘उमेदवार’ फारशींतून आलेला. उमेद म्हणजे आशा. पगाराविना दप्तरांत काम शिकत नेमणुकीची आशा धरणारा तो उमेदवार. १९४८ पर्यंत निजामी राज्यांत असलेल्या बीड जिल्ह्यांत सरकारदरबार उर्दूचा. १९१८ सालीं स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठांतील शिक्षणहि उर्दूंतच. त्यामुळें मराठी मुलगा दप्तरांत पाऊल टाकतांच स्वतःच्या गांवींहि नवखा ठरे. तरीहि दप्तरी भाषेनें शिकाऊस दिलेलें नांव आशेचें होतें. नवख्यास हिणविणें सोपें; त्याची उमेद राखणें हेंच जाणत्यांचें काम.