सर्पगंधेचा धडा

औषधाचा गुण आणि त्याचा दोष हे पुष्कळदां एकाच मुळांतून निघतात, याचें उत्तम उदाहरण सर्पगंधेच्या इतिहासांत सांपडतें. निद्रानाश व उन्माद यांवर या वनस्पतीची मुळी देण्याची प्रथा भारतीय वैद्यांत जुनीच होती. १९३१ सालीं गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनीं उन्माद आणि वाढलेला रक्तदाब या दोहोंवर तिचा गुण येतो, असें लिहून प्रसिद्ध केलें. पुढें मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयांत डॉ. रुस्तम जाल वकील यांनीं रक्तदाबाच्या ५० रोग्यांवर तिची पद्धतशीर परीक्षा केली. १९४९ सालीं 'ब्रिटिश हार्ट जर्नल'मध्यें त्यांचा निबंध निघाला आणि पाश्चात्य वैद्यकाचें लक्ष या मुळीकडे वळलें. १९५२ सालीं स्वित्झर्लंडमध्यें तींतून रिसर्पिन हें द्रव्य वेगळें काढण्यांत आलें.

हें द्रव्य मन शांत करतें, असा अनुभव आल्यावर १९५५ सालीं लंडनच्या डेव्हिस व शेफर्ड यांनीं तें चिंता व विषाद यांनीं ग्रासलेल्या रोग्यांना देऊन पाहिलें. त्यांना गुण आढळला. परंतु त्याच सुमारास उलट वार्ताही येऊं लागल्या. रक्तदाबासाठीं रिसर्पिन घेणारे कित्येक रोगी खिन्न झाले. मोठी मात्रा घेणाऱ्या कांहींचे हात थरथरूं लागले, अंग ताठलें, चाल मंदावली. तें कंपवाताचेंच रूप होतें.

या कोड्याचा उलगडा स्वीडनमध्यें झाला. १९५७ सालीं आर्विद कार्लसन यांनीं रिसर्पिनमुळें निश्चल पडलेल्या सशांना एल-डोपा टोंचलें, तों ते पुनः हालूंचालूं लागले. मज्जातंतूंच्या टोंकांशीं असलेला डोपामिनचा सांठा रिसर्पिननें रिता होतो, आणि एल-डोपापासून मेंदूंत नवें डोपामिन तयार होतें. कंपवाताचा आजचा उपचार याच शोधावर उभा आहे. कार्लसन यांना २००० सालीं नोबेल पारितोषिक मिळालें.

याउलट डोपामिनचें कार्य दीर्घकाळ अडविलें, तर कित्येकांची जीभ, ओठ आणि जबडा आपोआप हालूं लागतात. मनोविकृतीवरील औषधांत हा दोष विशेष दिसला. पण विषादावर दिल्या जाणाऱ्या अमोक्सापीनमध्येंही डोपामिन अडविण्याचा धर्म असल्यानें तेथेंही तो आढळला. आश्चर्य असें कीं, अशा अनिच्छ हालचालींवर जीं औषधें आज देतात, तींही रिसर्पिनप्रमाणें डोपामिनचा सांठा कमी करणारीं आहेत. त्यांपैकीं टेट्राबेनाझिन देतांना रोगी खिन्न होत नाहीं ना, हें पाहावें लागतें.

मन आणि हालचाल यांचा व्यवहार पुष्कळ अंशीं एकाच भांडारांतून चालतो. म्हणून विषादावर औषध देणाऱ्या वैद्यानें रोग्याचें बोलणें ऐकावें, तशीच त्याच्या हातांवर आणि जिभेवरही नजर ठेवावी.