कोरियन प्रेमविनोदी मालिका : वर्ग आणि वस्तूंची हौस

दक्षिण कोरियाच्या दूरचित्रवाणीवर १९९० च्या दशकात रुजलेल्या हलक्याफुलक्या प्रेममालिकांतील श्रीमंती-गरिबीचे आणि उपभोगाचे चित्रण. एमबीसी वाहिनीची ‘जिल्तू’ (मत्सर, १९९२) ही या प्रकाराची सुरुवात मानतात. तीत घरातल्या वडीलधाऱ्यांचा पसारा मागे सरून नोकरदार तरुण मंडळी, पिझ्झा आणि चोवीस तास उघडी दुकाने पुढे आली. वर्गभेदापेक्षा नव्या मध्यमवर्गाच्या राहणीचेच अप्रूप तिला अधिक. १९९४ च्या ‘सारांगुल गदे पुमाने’त मात्र डिपार्टमेंट स्टोअरचा तरुण संचालक (छा इन-प्यो) तिथल्याच विक्रेतीच्या प्रेमात पडला. मोटारसायकल आणि सॅक्सोफोन यांसह हा साहेब लोकप्रिय झाला आणि पुढच्या कित्येक नायकांचा साचा ठरला.

१९९७ च्या अखेरीस कोरियाला आंतरराष्ट्रीय नाणेनिधीकडे हात पसरावे लागले, असंख्य नोकऱ्या गेल्या. श्रीमंत नायकाचे आकर्षण तरीही ओसरले नाही. उलट त्याच्या पैशात आता सुटकेची आशा दिसू लागली. एसबीएस वाहिनीच्या ‘टोमॅटो’त (१९९९) नायिका पादत्राणांच्या कंपनीत धडपडणारी साधी मुलगी, पण तिची भूमिका करणाऱ्या किम ही-सनचे हेअरबँड बाजारात हातोहात खपले. गरिबीची गोष्ट सांगता सांगता माल विकण्याची ही किमया या मालिकांना चांगलीच साधली होती. मालिकेत वस्तूंची उघड जाहिरात करण्यास २०१० पर्यंत कायद्याची मुभा नव्हती, त्यामुळे कपड्यांवरची बोधचिन्हे पट्टी लावून झाकत. हौशी प्रेक्षक तरीही माल ओळखतच.

‘पॅरिसमधले प्रेमी’ (२००४) हा श्रीमंत प्रियकराच्या या स्वप्नाचा कळस. मोटार कंपनीचा वारस आणि त्याच्या घरी कामाला लागलेली विद्यार्थिनी यांची ही कथा ५० टक्क्यांहून अधिक प्रेक्षकसंख्येपर्यंत गेली. शेवटी ही सारी नायिकेने लिहिलेली पटकथा असल्याचे उघड होते. प्रेक्षक चिडले, पण हे स्वप्नच असल्याची लेखिका किम उन-सुक यांची ही कबुली प्रामाणिकच म्हणायला हवी.

पुढच्याच वर्षीच्या ‘माझे नाव किम साम-सुन’मध्ये व्यवहार आकड्यांत मांडलेला आहे. केक-पेस्ट्री बनवणारी साम-सुन घर वाचवण्यासाठी रेस्टॉरंटच्या मालकाकडून ५ कोटी वॉन उसने घेते आणि बदल्यात त्याची खोटी प्रेयसी होण्याचा लेखी करार करते. करारातले प्रेम पुढे खरे होते. मात्र हॉटेलमालकीण असलेली त्याची आई शेवटच्या भागातही लग्नाला राजी झालेली नसते.