दिनेश विडी: मालक निघून गेले, कामगार मालक झाले

१/ विडी वळण्यासाठी यंत्र लागत नाही. तेंदूपत्ता, तंबाखू, दोरा, कात्री आणि सराईत बोटे एवढ्यावर हा धंदा चालतो. सोलापूर-सिन्नरप्रमाणेच उत्तर केरळातील कण्णूर भागातही हजारो घरांच्या चुली त्यावर पेटत. पण यंत्रेच नसल्यामुळे मालकाला धंदा दुसरीकडे हलवणेही तितकेच सोपे होते.

२/ कण्णूरच्या विडीशाळांत एक प्रथा होती. काम चालू असताना एक कामगार मोठ्याने वर्तमानपत्र वाचून दाखवी आणि त्याच्या वाट्याच्या विड्या इतर जण वळून देत. अशा वाचनातून आणि चर्चेतून येथील कामगार संघटना जागरूक राहिली.

३/ १९६६ साली संसदेने विडी व सिगार कामगार कायदा संमत केला. कामाचे तास, भरपगारी रजा आणि प्रसूती लाभ यांची त्यात तरतूद होती. खराब ठरवून विड्या नाकारण्याच्या मालकांच्या मनमानीलाही त्याने आळा घातला. ई. एम. एस. नंबुद्रिपाद यांच्या सरकारने १९६८ मध्ये केरळात हा कायदा लागू केला.

४/ त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात मंगळूरच्या बड्या विडी कारखानदारांनी कण्णूर भागातील आपले काम बंद केले. सुमारे १२,००० कामगार बेकार झाले.

५/ कायद्याची मर्यादा येथे उघडी पडली. कायदा मजुरीचा दर ठरवू शकतो; ती मजुरी देणाऱ्याला तो थांबवून ठेवू शकत नाही. राज्याची सीमा ओलांडली की स्वस्त मजूर उपलब्ध होतेच. कामगारांपुढे दोन मार्ग उरले: मिळालेले हक्क सोडून देणे किंवा धंदा स्वतः उभा करणे.

६/ त्यांनी दुसरा मार्ग पत्करला. १५ फेब्रुवारी १९६९ रोजी केरळ दिनेश विडी कामगार सहकारी संस्थेचे काम सुरू झाले. कामगारांच्या भागभांडवलाला सरकारी कर्जाची जोड मिळाली. जी. के. पणिक्कर हे पहिले अध्यक्ष होते.

७/ संस्थेची रचना दुहेरी होती. पत्ती-तंबाखूची खरेदी आणि विक्री ही कामे कण्णूरची मध्यवर्ती संस्था पाही. विड्या मात्र ठिकठिकाणच्या प्राथमिक संस्थांत वळल्या जात व त्यांच्या संचालक मंडळावर कामगार आपल्यातूनच प्रतिनिधी निवडून देत. वर्तमानपत्राचे वाचन येथेही चालू राहिले.

८/ जे लाभ देणे परवडत नाही म्हणून मालक निघून गेले होते, ते सारे या संस्थेने दिले: रजा, बोनस, भविष्यनिर्वाह निधी, प्रसूती लाभ. सुमारे ३,००० जणांपासून सुरू झालेली कामगारसंख्या भरभराटीच्या काळात ४२,००० च्या आसपास पोहोचली.

९/ तरीही बाजाराने पाठ सोडली नाही. कमी मजुरी देणाऱ्यांची विडी स्वस्त पडे. तंबाखूचे दुष्परिणामही लोकांना उमगू लागले होते. १९९९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने सार्वजनिक ठिकाणी धूम्रपानास मनाई केली. मागणी घटली, तशी कामगारसंख्याही घटत गेली.

१०/ संस्था मात्र मोडली नाही. नारळाचे दूध, मसाले, छत्र्या, तयार कपडे अशा नव्या व्यवसायांत तिने पाय रोवले. मालकी हाती आली म्हणून बाजाराचे धक्के टळले नाहीत. पण १९६८ साली कामगारांच्या भवितव्याचा निर्णय मंगळूरला बसून दुसऱ्यांनी घेतला होता. पुढे विडीचे दिवस सरले, तेव्हा तो निर्णय त्यांच्याच संस्थेने घेतला.