चटकचांदणी आणि पुण्याचं ऊन

१९५१ मध्ये पुण्यातल्या उकिरड्यांवर प्रा. परांजपे यांना एक परकं झुडूप दिसलं. १९५६ मध्ये राव यांनी भारतातली नवी वनस्पती म्हणून त्याची नोंद केली: पार्थेनियम. लोकांनी नावं दिली काँग्रेस गवत, गाजर गवत, चटकचांदणी. ते पीएल-४८० च्या अमेरिकी गव्हातून आलं, असं आजही सांगतात. पण तो कायदा १९५४ चा, झुडूप त्याआधीचं.

१९७४ मध्ये लोणकर, मिचेल आणि कॅलनन यांनी या गवतामुळे होणाऱ्या त्वचादाहावर शोधनिबंध लिहिला. दोषी द्रव्य पार्थेनिन. वाळलेल्या झाडाची धूळ वाऱ्यानं उडते आणि पापण्यांवर, मानेवर, कोपराच्या घडीत बसते. नुसत्या उन्हाचा त्रास असेल, तर हनुवटीखालची, कानामागची सावलीतली त्वचा बहुधा वाचते; धूळ तिथंही पोचते. डॉक्टर हाच फरक बघतात.

काहींच्या बाबतीत मात्र वर्षानुवर्षांच्या दाहानंतर त्वचा प्रकाशालाच बिचकू लागते. मग अतिनील किरणही पुरेसे होतात, क्वचित साधा उजेडसुद्धा. अशा वेळी शेतमजुराला ‘उन्हात जाऊ नका’ सांगणं म्हणजे रोजगार सोडायला सांगणं. रिकाम्या प्लॉटवरचं ते पांढरं फूल म्हणूनच फुलायच्या आधी, हातमोजे घालून, मुळासकट उपटायचं.