‘प्रोशुत्तो’ : व्युत्पत्ती आणि अर्थांतर

खाद्यपदार्थाचे नाव हे पुष्कळदा त्या पदार्थाच्या इतिहासाचे साधन ठरते. इटालियन भाषेतील ‘प्रोशुत्तो’ हा शब्द या दृष्टीने अभ्यसनीय आहे. डुकराची मागील मांडी मिठात मुरवून व दीर्घकाळ हवेवर वाळवून तयार केलेले मांस, हा त्याचा मूळ अर्थ होय.

प्राचीन रोमन लोक अशा मांडीस ‘पेर्ना’ म्हणत. इ. स. पूर्व दुसऱ्या शतकात केटो याने आपल्या शेतीविषयक ग्रंथात मांड्या मिठाच्या थरांत रचणे, नंतर वाऱ्यावर टांगणे व धुरी देणे ही कृती नोंदविली आहे. ‘पेर्ना’ हे अवयवाचे नाव होते. फ्रेंच ‘जांबाँ’ व स्पॅनिश ‘हामोन’ ही नावेही ‘पाय’ या अर्थाच्या उत्तरकालीन लॅटिन शब्दावरूनच आली. ‘प्रोशुत्तो’ हे नाव मात्र अवयवाचे नसून प्रक्रियेचे आहे.

इटालियन ‘आशुत्तो’ म्हणजे कोरडा. तो लॅटिन ‘एक्ससुक्टुस’, म्हणजे ‘शोषून काढलेला’, यापासून सिद्ध झाला. त्यास लागलेला उपसर्ग मूळचा ‘प्रो’ की ‘पूर्णपणे’ या अर्थाचा ‘पेर’, याविषयी मतभेद आहेत. व्हेनिसकडील ‘पेर्सुतो’ हे रूप दुसऱ्या पक्षास पोषक आहे. पोर्तुगीज ‘प्रेझुंतो’ हा याच कुळातील शब्द होय. मराठीतील ‘शोषणे’ या क्रियापदात ओढून घेणे व सुकविणे हे दोन्ही अर्थ एकत्र नांदतात; त्यामुळे ही अर्थच्छटा मराठी वाचकास सहज उमगते. तथापि ‘शुष्क’ व ‘एक्ससुक्टुस’ यांचे ध्वनिसाम्य केवळ योगायोगाचे आहे; त्यांचे धातू भिन्न आहेत.

पुढे व्युत्पत्तीचे भान लोपले. शिजवलेल्या, ओलसर मांडीसही ‘प्रोशुत्तो कोत्तो’ हे नाव मिळाले आणि मूळ वाळवलेल्या पदार्थास ‘क्रूदो’, म्हणजे ‘कच्चा’, हे विशेषण जोडावे लागले. ‘कोरडा’ हा अर्थ उरला नाही. ‘मांडी’ तेवढी उरली. जो अर्थ टाकून हे नाव घडले होते, त्याच अर्थाकडे ते परतले.

या अर्थविस्ताराचा परिणाम कायद्यातही दिसतो. युरोपीय संघाने १९९६ मध्ये ‘प्रोशुत्तो दी पार्मा’ या नावास संरक्षण दिले. नुसत्या ‘प्रोशुत्तो’स नव्हे. पार्माच्या नियमांनुसार उत्पादनक्षेत्र एमिलिया मार्गाच्या दक्षिणेस किमान ५ किलोमीटरवर, ९०० मीटर उंचीपर्यंत आणि एन्झा व स्तिरोने या नद्यांच्या दरम्यान सीमित आहे. घटक दोनच : मांस व मीठ. काप करणे व वेष्टनबंद करणे याच प्रदेशात व्हावे, ही अटही युरोपीय न्यायालयाने २००३ मध्ये तत्त्वतः ग्राह्य मानली.

सारांश, शब्द सर्वसामान्य झाला की त्यातील कृतीचा अर्थ पुसट होतो आणि तो टिकविण्याचे काम स्थलनामावर येऊन पडते. ‘प्रोशुत्तो’ या शब्दाने जे सांगणे सोडले, ते आज ‘पार्मा’ हे नाव सांगते.