भरावाखालचे गिरगाव

मुंबई बेटाच्या जमिनीची मोजणी इंग्रजी अमलात दोन वेळा मोठ्या प्रमाणावर झाली. पहिली एकोणिसाव्या शतकाच्या प्रथम चरणात कॅप्टन डिकिन्सन ह्याच्या देखरेखीखाली, आणि दुसरी १८६५ ते १८७२ ह्या वर्षांत कर्नल लॉटन ह्याच्या हुकमतीखाली. दोन्ही मोजण्या महसुलाच्या होत्या. कोणती वाडी कोणाच्या वहिवाटीत आहे, कोणती जमीन फोरास आहे आणि कोणती इनाम, हद्दीचा दगड कोठे आहे, हे सारे त्या दफ्तरांत बारकाईने नमूद झाले, आणि आजही गिरगावातील एखाद्या गल्लीचा पूर्वेतिहास शोधू जाणाऱ्यास लॉटनच्या नकाशाइतका विश्वासू सोबती मिळत नाही. परंतु त्या दफ्तरांत जमिनीची लांबी आहे, रुंदी आहे, धारकाचे नाव आहे; खोली नाही, कारण महसुलाला तिचे प्रयोजन नव्हते. ज्या दिवशी धरणी हालते त्या दिवशी लांबी-रुंदीस कोणी विचारीत नाही. पायाखाली किती हात माती आहे, ती कोणत्या जातीची आहे आणि तिच्याखालचा कातळ किती दूर आहे, एवढाच प्रश्न उरतो.

बेटाची मूळ घडण पाहिली तर हा प्रश्न गिरगावास विशेषेकरून लागू पडतो असे दिसेल. पश्चिमेस मलबार हिल आणि वरळी ह्यांची काळ्या पाषाणाची रांग, पूर्वेस डोंगरी, माझगाव व शिवडी येथील, ज्वालामुखीच्या राखेपासून बनलेल्या मऊ खडकाच्या टेकड्या, आणि ह्या दोहोंच्या मधोमध एक लांबट सखल पट्टा, ज्यात वरळीच्या खिंडीतून भरतीचे पाणी शिरत असे. ती खिंड अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गव्हर्नर हॉर्नबीच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बांधाने बुजली, आणि आत अडकलेली खाजणे हळूहळू भरून त्यांवर वस्ती झाली. गिरगाव ह्या सखल भागाच्या दक्षिण अंगास, मलबार हिलच्या पायथ्याशी, एका बाजूस बॅक बेचा वाळूचा किनारा घेऊन वसलेले. म्हणजे पाच-सात मिनिटांच्या चालीत माणूस उघड्या कातळावरून वाळूवर, वाळूवरून गाळावर आणि गाळावरून भरावावर जातो, आणि त्याला पायांखाली काहीच फरक जाणवत नाही, कारण वर सर्वत्र सारखाच डांबरी रस्ता आहे.

भराव हा शब्द आपण एकवचनी वापरतो. वस्तुतः गिरगावात तो अनेक पिढ्यांचा आणि अनेक हातांचा आहे. फणसवाडी, केळेवाडी, आंबेवाडी, मुगभाट ही नावे ज्या बागाईतीची साक्ष देतात तिच्यात विहिरी होत्या. विहार तलावाचे पाणी १८६० मध्ये नळाने आले, त्यानंतर ह्या विहिरींची निकड ओसरत गेली, आणि १९११ मध्ये डॉ. बेंटली ह्यांनी मुंबईतील हिवतापाचे मूळ विहिरींतील डासांत दाखविल्यावर नगरपालिकेने त्या झाकण्याचा व बुजविण्याचा सपाटा लावला. तलावांची गतही तीच झाली. सी. पी. टँकावर कावसजी पटेलांचा तलाव नाही, धोबीतलावावर तलाव नाही, आणि गवालिया टँकचे जे मैदान ऑगस्ट १९४२ पासून देशाच्या इतिहासात अमर झाले ते तलावाच्याच जागी उभे आहे. प्लेगानंतर १८९८ मध्ये स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टाने रस्ते आखले, गावदेवीसारख्या भागांची नवी मांडणी केली. त्याआधीच, १८६० नंतरच्या दशकात, आगगाडीचा रस्ता बॅक बेच्या कडेकडेने दक्षिणेस गेला होता, आणि पुढे विसाव्या शतकाच्या तिसऱ्या-चौथ्या दशकांत मरीन ड्राइव्हसाठी समुद्र आणखी मागे ढकलला गेला. ह्या प्रत्येक कामात जे टाकले गेले ते एकजिनसी नव्हते. कोठे मुरूम, कोठे फोडलेला दगड, कोठे समुद्रतळाचा उपसलेला गाळ, कोठे शहराचा केरकचरा. आणि प्रत्येकाची हलण्याची तऱ्हा वेगळी.

भरावाच्याही खाली निसर्गाने स्वतः घातलेला एक थर आहे. १८७८ मध्ये बेटाच्या पूर्व किनाऱ्यावर प्रिन्सेस डॉकचे खोदकाम चालू असता चिखलाच्या थराखाली, ओहोटीच्या पातळीच्याही खाली, खैराच्या झाडांचे बुंधे मुळांसकट उभे सापडले. जेथे एके काळी कोरड्या जमिनीवर रान होते तेथे जमीन खचून समुद्र आला आणि त्याने रानावर निळसर चिकण गाळ पसरला, असा त्याचा अर्थ भूशास्त्रज्ञांनी लावला. अशा सागरी गाळाचे कमी-अधिक जाडीचे थर बेटाच्या सखल भागांत इमारतींचे पाये खणताना आजही लागतात.

भूकंपाच्या यांत्रिक नोंदीशी मुंबईचा परिचय जुना आहे. १२ जून १८९७ च्या आसामच्या प्रलयंकर भूकंपानंतर हिंदुस्थानात जी पहिली भूकंपलेखक यंत्रे बसली त्यांत कुलाब्याच्या वेधशाळेचे मिल्न-यंत्र होते. नानाभाई मूस हे त्या वेळी वेधशाळेचे संचालक, त्या पदावरील पहिले भारतीय. परंतु ते यंत्र दूरदेशीच्या भूकंपांची वार्ता टिपण्यासाठी होते. दक्षिणेचे पठार अचल आहे ही समजूत त्या काळी इतकी दृढ होती की आपल्याच पायाखालच्या मातीची परीक्षा करावी असे कोणास वाटले नाही. ती समजूत ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर येथे मोडली. सहाहून अधिक प्रतीच्या त्या भूकंपात पावणेदोनशेच्या आसपास माणसे दगावली, दोनशे किलोमीटर दूर असलेली मुंबई झोपेतून हलून उठली, आणि कोयनेची वीज तुटल्याने शहराचे कारखाने थंडावले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपाने उरलासुरला भ्रम नाहीसा केला. मानकांच्या भाषेत मुंबई आज भूकंपप्रवणतेच्या तिसऱ्या विभागात मोडते. पण हा विभाग सबंध शहराला एकच आहे, मलबार हिलच्या कातळाला आणि सी. पी. टँकच्या भरावाला निराळा नाही, आणि माझ्या मते खरा धोका ह्या सरसकटपणातच दडलेला आहे.

एकाच नगरात एका आळीचा विध्वंस होतो आणि शेजारची आळी शाबूत राहते, ह्याचे कारण जमिनीत आहे हे १९०६ च्या सॅन फ्रान्सिस्कोच्या भूकंपानंतर स्पष्टपणे नोंदले गेले. लॉसन ह्याच्या अध्यक्षतेखालील चौकशी मंडळाने १९०८ मध्ये जो अहवाल सिद्ध केला त्यात खाडी आणि ओढे बुजवून केलेल्या जमिनीवर हानी सर्वांत जास्त झाल्याचे नकाशावर दाखविले आहे. १९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिकोच्या किनाऱ्यावर झालेल्या भूकंपाने साडेतीनशे किलोमीटरांहून अधिक अंतरावरील राजधानीचा तो भाग पाडला जो जुन्या सरोवराच्या गाळावर उभा होता. २६ जानेवारी २००१ रोजी भूकंपाचे केंद्र कच्छात होते, तरी सुमारे अडीचशे किलोमीटरांवरील अहमदाबादेत, साबरमतीच्या गाळथरावर, अनेक मजल्यांच्या इमारती कोसळल्या. त्यांच्या बांधकामातही दोष होते, हे खरे. परंतु दोष उघडे पाडण्याचे काम मातीने केले.

ह्यामागचे तत्त्व कठीण नाही. भूकंपाच्या तरंगांपैकी जे जमिनीला आडवे हेलकावे देतात त्यांस कर्तनतरंग म्हणतात, आणि इमारतींचे सर्वाधिक नुकसान तेच करतात. घट्ट काळ्या पाषाणातून ते सेकंदाला दीड हजार मीटरांहून अधिक वेगाने धावतात. मऊ गाळात तोच वेग दीडशेवर किंवा त्याहूनही खाली येतो. वेग मंदावला तरी मागून येणारी शक्ती थांबत नाही, म्हणून ती हेलकाव्याच्या विस्तारात प्रकट होते, आणि कातळाच्या परातीत ठेवलेला हा थर खरवसासारखा थरथरू लागतो. त्या थरथरीला स्वतःचा एक काल असतो: थराची जाडी चौपट करून तिला वेगाने भागले की तो मिळतो. म्हणून जमिनीच्या वरच्या थरांतील कर्तनतरंगांचा वेग कळला की तिच्या स्वभावाचा मोठा भाग कळला.

हा वेग मोजण्याची जुनी रीत म्हणजे वेधछिद्र पाडून त्यात यंत्र उतरविणे, किंवा साडेत्रेसष्ट किलोचे वजन ठराविक उंचीवरून टाकून नळी एक फूट आत जाण्यास किती ठोके लागतात ते मोजणे आणि त्यावरून वेगाचा अदमास बांधणे. दुसरी रीत अधिक सौम्य आहे. लॉर्ड रॅले ह्याने १८८५ मध्ये गणिताने सिद्ध केलेले पृष्ठतरंग जमिनीच्या अंगाअंगाने जातात. त्यांतील आखूड तरंग वरच्याच मातीला स्पर्श करतात, लांब तरंग खोलवर पोहोचतात, आणि म्हणून दोहोंचे वेग भिन्न असतात. एका सरळ रेषेत जिओफोन, म्हणजे जमिनीची कंपने टिपणारी उपकरणे, मांडावीत, टोकाशी पोलादी पट्टीवर घण घालावा, आणि कोणत्या लांबीचा तरंग किती वेगाने गेला ते वाचून उलट गणिताने थराथराचा वेग काढावा. टेक्सास येथे १९८० नंतर ही कल्पना दोन जिओफोनांवर राबविली गेली. कॅन्ससच्या पार्क, मिलर व शिया ह्यांनी १९९९ मध्ये अनेक जिओफोनांची जी पद्धत मांडली ती आज जगभर रूढ आहे. छिद्र नको, खणणे नको, एका दिवसाचे काम.

मुंबईच्या बाबतीत हे ज्ञान अगदीच कोरे नाही. रघुकांत व आयंगार ह्यांनी २००६ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये शहराच्या भूकंपधोक्याचे गणित मांडले, आणि म्हस्के व चौधरी ह्यांनी वेधछिद्रांच्या नोंदींवरून शहरातील कर्तनवेगाचे नकाशे २०११ मध्ये प्रसिद्ध केले. हे काम मोलाचे आहे. पण गिरगावासारख्या जागी, जेथे कातळ पावलोपावली वरखाली होतो, आणखी बारीक चाळणीची गरज आहे. जगातील बहुतेक आचारसंहिता वरच्या तीस मीटरांचा सरासरी वेग पाहून जमिनीची प्रतवारी करतात. समजा, वर दहा मीटर गाळ आहे, वेग दीडशे, आणि खाली वीस मीटर कातळ, वेग दीड हजार. तरंगाला तीस मीटर चढून येण्यास लागणाऱ्या वेळावरून सरासरी निघते सेकंदाला ३७५ मीटर, आणि ३६० च्या वर म्हणून दीर्घकाळ रूढ असलेल्या अमेरिकी प्रतवारीत ही जमीन बऱ्यापैकी घट्ट ठरते. मात्र त्या दहा मीटर गाळाचा स्वतःचा काल येतो पाव सेकंदाच्या किंचित वर. आणि मजल्यामागे सेकंदाचा दहावा हिस्सा हा स्थूल हिशेब धरला तर तीन मजली इमारतीचा कालही त्याच्याच आसपास पडतो. गिरगावच्या चाळी बहुधा तीन-चार मजल्यांच्या. सरासरीचा आकडा ज्या जमिनीला बरी म्हणतो ती नेमक्या त्यांच्याच तालावर हलणारी असू शकते, आणि त्या चाळींचे लाकडी खांब व तुळया शंभर वर्षांच्या पावसाने आणि वाळवीने आधीच पोखरलेल्या आहेत. येथे सरासरीइतकीच कातळाची खोलीही जाणणे अगत्याचे आहे, असे माझे आग्रहाचे म्हणणे आहे.

अडचण जागेची आहे. जिओफोनांची सरळ रांग मांडावयास लागणारी मोकळी लांबी मुगभाटच्या किंवा खोताच्या वाडीच्या वळणावळणाच्या गल्लीत कोठून आणणार? पण जपानी रेल्वेच्या संशोधन संस्थेतील नाकामुरा ह्यांनी १९८९ मध्ये दाखविलेल्या रीतीने एकाच यंत्रावर, शहराच्या अखंड सूक्ष्म कंपनांवरून, थराचा काल काढता येतो. चर्नी रोडच्या लोकल, गल्लीतली रहदारी, समुद्राच्या लाटा, ह्या सर्वांमुळे जमीन अहोरात्र किंचित थरथरत असतेच. रात्री वर्दळ उतरल्यावर चाळीच्या चौकात अर्धा तास यंत्र ठेवले की पुरे.

ह्या कामाला आजच्याइतका योग्य काळ पुन्हा येणार नाही. सेसच्या, म्हणजे दुरुस्तीचा उपकर लागू असलेल्या जुन्या इमारती एकामागून एक उतरविल्या जात आहेत, त्यांच्या जागी चाळीस-चाळीस मजल्यांचे मनोरे उभे राहत आहेत, आणि दोहोंच्या मधल्या काही महिन्यांत चाळीखालची जमीन, कित्येक ठिकाणी शतकानंतर प्रथमच, आकाश पाहते. प्रत्येक मनोऱ्यासाठी विकासक वेधछिद्रे पाडतातच, आणि भुयारी मेट्रोच्या गिरगाव व काळबादेवी स्थानकांसाठीही जमीन खोलवर तपासली गेली. ह्या नोंदी एकेका प्रकरणाच्या फायलीत अलग पडून राहू नयेत. सी आणि डी वॉर्डाच्या एकाच दफ्तरात त्या जमा व्हाव्यात, लॉटनच्या नकाशावरील बुजलेल्या तलावांच्या खुणांशी ताडून पाहाव्यात, आणि जेथे चाळी अद्याप उभ्या आहेत, माणसे अद्याप राहत आहेत, तेथील कंपनांची मोजणी सर्वांत आधी व्हावी.